चित्रपट्टी म्हणावं की व्यंगचित्र?

नाशिकच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी वर्तमानपत्रात येतात तशी तीन-चार चौकटींची चित्रं काढली आहेत. त्यांना मथळा काय द्यायचा, ‘व्यंगचित्रं’, ‘चित्रकथा’ की सरळ ‘कॉमिक स्ट्रिप’?

ताई, ‘व्यंगचित्र’ इथे नको. व्यंग म्हणजे उणेपणा. व्यंगचित्र नेमकं त्यावर बोट ठेवतं आणि बहुतेक वेळा एकाच चौकटीत काम उरकतं. आर. के. लक्ष्मण यांचा १९५१पासूनचा ‘कॉमन मॅन’ आठवा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये आला, त्याची जात वेगळी. तिथे कुणाचं उणं काढलेलं नसतं. पहिल्या चौकटीत विषय निघतो, मधे तो चढतो आणि शेवटच्या चौकटीत कलाटणी मिळते. ‘चित्रकथा’ म्हटलं की ‘अमर चित्रकथा’ डोळ्यांपुढे येते, म्हणजे अख्खं पुस्तक.

माझं मत ‘चित्रपट्टी’ला. इंग्रजी शब्दही आकारावरूनच पडला आहे. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये १९०७ साली बड फिशरने आपलं ‘मट’ हे पात्र रोज आडव्या पट्टीत आणलं आणि दैनिकांत तीच घडण रुळली. तीच पात्रं रोज भेटू लागली, की ती ‘चित्रमालिका’. एका दिवसाचा तुकडा ही ‘चित्रपट्टी’. ‘कॉमिक स्ट्रिप’ लिहिलंत तरी कुणी अडणार नाही, पण मुलांच्या हातून मराठी शब्द रुळायची ही फार चांगली संधी आहे.

बोलणं ज्यात लिहितात तो ‘फुगा’, त्याचं टोक म्हणजे ‘शेपटी’. मनातलं बोलणं ढगासारख्या फुग्यात, आणि तिथे शेपटीऐवजी लहान होत जाणारे गोल.

तुम्ही पाठवलेल्या चित्रांत रामकुंडावरचे आजी-नातू मला फार आवडले. फक्त त्यात नातू उजवीकडे उभा आहे आणि आधी तोच विचारतो, “आजी, पाणी गार आहे का?” आपण वाचतो डावीकडून, त्यामुळे आजीचं “उतर, मग कळेल!” हे उत्तर प्रश्नाआधीच वाचलं जातं. नातवाला डावीकडे घ्यावं. चित्र पुन्हा काढायचं नसेल, तर त्याचा फुगा आजीच्या फुग्यापेक्षा वर चढवावा आणि दोन्ही शेपट्या एकमेकींना छेदणार नाहीत एवढं पाहावं.