घरी कसं सांगू?

“मॅडम, मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवलं. आणि मलाच डेबिट-क्रेडिट कळलं नाही.”

शुभदाताई हे तिसऱ्या भेटीत बोलल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पहिल्या दोन भेटी झोपेवरच गेल्या होत्या. रात्री दोनला जाग, छातीत धडधड, तपासण्यांत काही नाही, म्हणून त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं होतं. मी एक गोष्ट मनात टिपून ठेवली होती. फोन वाजला की त्या नाव न बघताच तो टेबलावर पालथा ठेवायच्या.

घडलं ते असं. लहान फ्लॅटमध्ये जायचं म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या वेळचा सागवानी दिवाण विकायला काढला. जुन्या सामानाच्या एका अ‍ॅपवर फोटो टाकला, किंमत लिहिली १२,००० रुपये. अर्ध्या तासात फोन आला. माणूस हिंदीत बोलणारा, आवाज नम्र. फौजेत आहे, पुण्यात बदली झालीय, क्वार्टरमध्ये सामान लावायचंय. भाव केला नाही. “मॅडम, हम फौजी लोग मोलभाव नहीं करते.” गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं.

शुभदाताईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरोघरी कुणी ना कुणी फौजेत असतं. त्यांचे थोरले भाऊही सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गणवेशातल्या माणसावर संशय घेणं त्यांना अपमान वाटला असता. चोरानं नेमका तोच आदर वापरला.

पुढचा भाग त्या सांगताना थांबत थांबत बोलत होत्या. तो म्हणाला, आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, आधी चेक करावं लागतं. त्यानं ५ रुपयांचा क्यूआर कोड पाठवला. “स्कॅन करा, पिन टाका, तुम्हाला १० रुपये येतील.” त्यांनी केलं. पाच गेले, आणि लगेच दहा आले.

मी इथे मुद्दाम जास्त वेळ घेते, कारण सगळी फसवणूक या पाच रुपयांत आहे. स्कॅन करायचं, पिन टाकायचा, पैसे येतात, असं त्या माणसानं त्यांच्या हाताला शिकवलं. डोक्याला माहीत होतं की पिन पैसे द्यायला लागतो. पण हात शिकला होता वेगळंच, आणि शेजारी घाई करणारा आवाज होता: गाडी निघालीय, फोन ठेवू नका. मग १२,००० चा कोड आला. स्कॅन, पिन, आणि खात्यातून बारा हजार गेले.

“मग तिथेच का थांबला नाहीत?” हा प्रश्न मी विचारला नाही. त्या स्वतःला तो रोज रात्री दोनला विचारत होत्या. तो म्हणाला होता, “अरे, गलती से उल्टा हो गया, अब रिफंड वाला भेजता हूँ.” आणखी १२,००० गेले. मग “दोनों मिलाकर” २४,०००. एकूण ४८,००० रुपये, अकरा मिनिटांत. गेलेले पैसे परत मिळवायची धडपड ही लोभाची नसते. पडलेली वस्तू उचलायला वाकावं तसं ते होतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

जुनं सामान विकता-घेताना फसलेले लोक माझ्याकडे पैसे मागायला येत नाहीत. त्यांची काळजी बहुतेकदा एकच असते: मी एवढी शहाणी असून अशी कशी वागले, आणि आता घरी कसं सांगू? शुभदाताईंनी एकोणीस दिवस कुणालाही सांगितलं नव्हतं. दिवाण कुठे अडकला, असं यजमानांनी विचारलं तर “गिऱ्हाईक येतंय” म्हणायच्या. त्या माणसाचे फोन अजून येत होते, म्हणून फोन पालथा. मधल्या काळात आणखी एक फोन आला, “सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडलीय, २,५०० रुपये फाइल चार्ज भरा.” एकदा फसलेल्याचा नंबर पुढच्या टोळीकडे जातो. नशिबानं तेवढे त्यांनी भरले नव्हते.

मी समुपदेशक आहे, वकील नाही. तरी अशा वेळी काही व्यवहाराच्या गोष्टी मी लगेच बोलते, कारण नुसतं सांत्वन केलं तर रात्रीची जाग जात नाही. पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करायचा. रक्कम ज्या खात्यात गेली तिथून पुढे हलायच्या आत ती रोखून धरायचा प्रयत्न त्यातून होतो, म्हणून पहिला तास सोन्याचा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करायची. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, चॅट, तो नंबर, काहीही पुसायचं नाही. शुभदाताईंनी लाजेनं सगळं चॅट डिलीट केलं होतं. आणि बँकेला त्याच दिवशी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार स्वतःच्या चुकीनं झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. गप्प राहण्याची किंमत अशी रुपयांतही मोजता येते.

मी त्यांना खोटी आशा दिली नाही. एकोणीस दिवसांनी पैसे मिळणं कठीणच होतं, आणि ते मिळाले नाहीत.

घरी सांगायची तालीम मात्र आम्ही केली. त्यांना भीती एका वाक्याची होती: “तरी मी सांगत होतो.” मी म्हटलं, “ते वाक्य येईलच असं धरून चला. ते आल्यावर तुम्ही काय म्हणणार?” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “म्हणेन, हो, तुम्ही सांगत होता. आता माझ्याबरोबर बँकेत चला.”

यजमान ते वाक्य बोलले. दोनदा बोलले. मग शर्ट बदलून त्यांच्याबरोबर बँकेत आणि पोलिस चौकीत गेले. त्या रात्री शुभदाताई पाच वाजेपर्यंत झोपल्या.

पुढच्या एका भेटीत त्यांनी वहीच आणली होती. शिक्षिकाच त्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही.’ खाली: पिन फक्त द्यायला किंवा शिल्लक बघायला. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय बंद झालीय, हे त्यांना भाच्यानं सांगितलं होतं. मी त्यात एक भर घातली: क्यूआर कोड आपणच स्कॅन करतो, त्यामुळे तो सापळा आजही चालतो.

तो भाचा जुना फोन घेणार होता, म्हणून घेणाऱ्यांसाठीही एक पान होतं. वस्तू बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. “गाडी मिलिटरीच्या पार्सलनं निघालीय, आधी डिलिव्हरी चार्ज भरा” असं कुणी म्हटलं की व्यवहार तिथेच सोडायचा. जुन्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघायचा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासायचा, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. स्कूटर घेतली तर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

दिवाण तीन महिने गॅलरीत चादरीखाली होता. नंतर त्यांनी स्वतःच पुन्हा जाहिरात टाकली. शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी वडिलांना घेऊन बघायला आली, शुभदाताईंचा कोड तिनंच स्कॅन केला आणि स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवली. शुभदाताई म्हणाल्या, “बाळा, थांब जरा, माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा झालेत का बघते.” चष्मा शोधण्यात दोन-तीन मिनिटं गेली. मुलगी दिवाणावर बसून राहिली, वडील पाणी प्यायले. कुणीही घाई केली नाही.