मुलीचं काही कमी करायला सांगू नका

"मॅडम, बायचं काही कमी करायला सांगू नका. बाकी काय ते सांगा, आम्ही करू."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं. मांडीवर सव्वादोन वर्षांची लेक, हीच घरातली 'बाय', शेजारी नवरा. तो रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं हे जोडपं. नावं सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पण त्यांची अडचण मी दर आठवड्याला ऐकते: एकच पगार, लहान मूल, वीस तारखेनंतर घरात पैसा नाही, आणि मग रोज कशावरून तरी भांडण. लग्नाआधी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. बाळंतपणानंतर नोकरी सुटली, कारण मुलीला सांभाळणारं कोणी नव्हतं. सासू-सासरे गावात आणि हे दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत, कारखान्याच्या जवळ.

लोकांना वाटतं, समुपदेशक म्हणजे खर्च कुठे कापायचा ते सांगणार. मी पहिल्या दिवशी काहीच कापायला सांगत नाही. दोघांना एकेक कोरा कागद देते आणि एकमेकांचं न बघता लिहायला सांगते: महिन्याला घरात किती येतं, आणि कुठे कुठे जातं.

तिच्या कागदावर सगळ्यात वर होतं, 'पगार ३०,००० (बहुतेक)'. त्याच्या कागदावर २४,०००. घरभाडं ५,०००, दुचाकीचा हप्ता ३,२००, फोनचा हप्ता १,६००, पेट्रोल २,२००. म्हणजे पगाराचा नेमका अर्धा भाग घरात शिरायच्या आत गेलेला. उरलेल्या १२,००० मधले ८,००० तो तिच्या हातावर ठेवायचा, आणि ४,००० मध्ये वीज, पाणी, गॅस, रिचार्ज आणि स्वतःचा चहा-पाव भागवायचा. तिला फोनच्या हप्त्याचा पत्ताच नव्हता. तिच्या मते त्याच्याजवळ दहा-बारा हजार शिल्लक राहत असणार आणि तो मुद्दाम देत नाही. त्याच्या मते आठ हजारांत तिघांचं खाणंपिणं आरामात भागायला हवं.

मग तिने पिशवीतून एक छोटी वही काढली आणि टेबलावर पालथी ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या उधारीची वही. हळदीच्या बोटांचे डाग पडलेली, मध्ये रबर लावलेली. तिने ती माझ्याकडेही सरकवली नाही आणि त्याच्याकडेही. बराच वेळ हात त्या वहीवरच होता. शेवटी त्यानेच उचलली आणि शेवटचं पान पाहिलं: ६,३४० रुपये. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "एवढे दिवस तू त्याच्या दुकानासमोरून कशी जात होतीस?" ती रडायला लागली.

घरात पैसा कमी असणं आणि घरात पैशाबद्दल बोलणं नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर माझ्याकडे फारसा इलाज नाही, पगार मी वाढवू शकत नाही. दुसरीवर आहे. आणि माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की, दुसरी सुटली नाही तर पगार वाढूनही पहिली सुटत नाही.

पुढच्या भेटीत मुलीच्या खर्चाचं निघालं. दुधात घालायच्या पावडरीचा डबा ७०० रुपये, डब्यातली तयार खीर आणि बिस्किटं ५००, डायपर दीड हजाराच्या घरात. आणि त्याने स्वतःच बोटांवर मोजलं तेव्हा कळलं की कामावरून येताना रोज काहीतरी आणण्यात महिन्याचे दीड हजार जात होते. फुगा, चॉकलेट, बॅटरीवर चालणारी गाडी. मी त्याला विचारलं, एखादा दिवस रिकाम्या हाताने गेलात तर बाय काय करते?

"ती काही नाही करत. माझ्याच्याने होत नाही."

हळूहळू त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांचा ट्रक होता, लोहखनिजाच्या खाणीवर चालायचा. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा हा बारावीला होता. ट्रक अंगणात उभा राहिला. पावसाळे गेले, टायर मातीत रुतले, आणि बँकेचे हप्ते चालूच. वडील घरात एक अक्षर बोलले नाहीत. आईच्या हातातल्या बांगड्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. त्यांचं काय झालं ते याला कळलं ते एका पाहुण्याच्या तोंडून. कॉलेजचं नाव त्याने आपणच काढलं नाही आणि आयटीआय केलं. "तेव्हाच ठरवलं मॅडम, माझ्या पोरीला 'नाही' हा शब्द ऐकायला लागायचा नाही."

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या कितीतरी घरांत हे असंच आहे. २०१२ आणि मग पुन्हा २०१८ ची खाणबंदी ज्यांनी पोरवयात पाहिली, ते आता आईबाप झाले आहेत. त्यांच्या खरेदीत मुलाची गरज थोडी असते, जुनी भीती जास्त. त्यांना 'उधळपट्टी करता' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण हेही मी त्याला सरळ विचारलं: वडिलांनी ट्रकबद्दल घरात सांगितलं नाही याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं ना? मग फोनच्या हप्त्याबद्दल तुम्ही काय केलंत? तो गप्प झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

मुलीला खरंच काही कमी पडतंय का, हे भावनेने ठरवण्यापेक्षा बघून ठरवलेलं बरं. मी त्यांना अंगणवाडीत जाऊन वजन करून यायला सांगितलं. ११ किलो ४०० ग्रॅम, तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात. तो कागद तिने मला दाखवला तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा होता. मग पावडरीच्या डब्यामागचा तक्ता आम्ही मिळून वाचला. शंभर ग्रॅममध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर. नाचणीत तेवढ्याच वजनाला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आपल्याकडे नाचणीची तिझन, म्हणजे गोड लापशी, पिढ्यान्‌पिढ्या होते. नारळाचा रस आणि गूळ घातला की पोर वाटी चाटून घेतं. पेज, मऊ वरणभात, अंडं, काटे काढलेलं तारलं. "पण पॅकेटवर डॉक्टरचा फोटो असतो हो," ती म्हणाली. असतो. आईच्या काळजीवर धंदा चालतो, म्हणून असतो. याबद्दल मला मनापासून राग आहे.

डायपरबद्दल मात्र मी तिला काही बोलले नाही. जुलैत दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात. दोन खोल्यांच्या घरात लंगोट वाळवायचे कुठे? पावसाळा सरला की दिवसा शी-शूची सवय लावायची आणि डायपर फक्त रात्री, एवढंच ठरलं.

खरं काम झालं ते दिनदर्शिकेवर. "महिन्याचं आम्ही कसंतरी जमवतो, पण मध्येच काहीतरी अचानक येतं," असं दोघंही म्हणत होती. भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणायला सांगितली आणि मागच्या वर्षी काय काय 'अचानक' आलं ते महिन्यांवर लिहिलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी: माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट), कपडे, गावची जा-ये मिळून ९,०००. दिवाळी ३,०००. जत्रा १,५००. दुचाकीचा विमा १,५००. जूनमध्ये रेनकोट, छत्री, चपला १,२००. आणि बायचा दुसरा वाढदिवस, छोटा हॉल घेऊन, १२,०००, त्यातले १०,००० तिच्या भावाकडून उसने. बेरीज २८,२००. बाराने भागले तर महिन्याला २,३५०. चवथ काही न सांगता येत नाही, विम्याची तारीखही छापलेली असते. दर महिन्याला २,३५० रुपये कमी पडत होते, आणि ते कमी पडतायत हे एकाही महिन्यात दिसत नव्हतं.

तेव्हा मी त्याला विचारलं, तुमची आई मे महिन्यात काय करायची?

"पुरुमेंत," तो लगेच म्हणाला. म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण. आणि मग बोलतच राहिला. उकडे तांदूळ, गाळलेली चिंच, सोलं, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, सुके बांगडे आणि सुंगटं डब्यात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, तिला हात लावता येत नाही, म्हणून मे महिन्यातच सगळं भरून ठेवायचं. ट्रक उभा होता त्या वर्षीही आईने पुरुमेंत केलं होतं, आणि त्या पावसाळ्यात जेवणाला काही कमी पडलं नाही, हे सांगताना त्याला स्वतःलाच ते नव्याने आठवल्यासारखं झालं. मी म्हटलं, बस, पैशाचं पुरुमेंत करायचं आहे.

आकडे असे बसले. पावडर आणि डब्यातली खीर-बिस्किटं बंद, १,२०० सुटले. ते थेट दुकानदाराच्या उधारीला. पाच महिन्यांत ६,०००, म्हणजे वही जवळजवळ कोरी. फोनचे हप्तेही पाचच उरले होते. वाढदिवस घरी करायचा, अडीच हजारांत, हे त्याच्या फार जिवावर आलं, पण त्यामुळे वर्षाचा 'अचानक' खर्च १८,७०० वर आला, महिन्याला साधारण १,५६०. फोनचा हप्ता संपला की ते १,६०० तसेच वर्षाच्या डब्यात टाकायचे. 'रोज काहीतरी' आणायच्या दीड हजारातले ५०० त्याच्याजवळच ठेवले, लेकीसाठी. ५०० अडीअडचणीला. आणि ५०० तिचे. तिचे म्हणजे हिशेब न विचारता तिचे. यावर मी अडून बसते. जी बाई दिवसभर घर सांभाळते आणि ब्लाउजच्या हुकांसाठीही नवऱ्यापुढे हात पसरते, तिच्याकडून काटकसरीची अपेक्षा करू नये. ती वस्तू लपवते, उधारी लपवते, आणि त्यात चूक तिची नसते.

भावाचे १०,००० राहिले होते. ते त्याच्या ओव्हरटाइममधून, जमेल तसे, पण भावाला स्वतः जाऊन सांगून, असं ठरलं. तो गेला. मेहुण्याने चहा पाजला आणि वर्षाची मुदत दिली.

सरकारी योजनांचं विचारतात म्हणून सांगते. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेत विवाहित महिलेला दरमहा १,५०० मिळतात, पण घरचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. याचा भविष्य निर्वाह निधी वगैरे धरून पगार त्या रेषेच्या किंचित वर जात होता. अशी काठावरची घरं मला फार भेटतात आणि त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेचं कार्ड मात्र त्यांनी नूतनीकरण न करता ठेवून दिलं होतं. तिघांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च त्यातून होतो, उत्पन्नाची अट नाही. ते आधी करून घेतलं. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावरून घ्यायची, तिथे बाजारापेक्षा स्वस्त पडते. लसी त्यांनी पहिल्या वर्षी खासगीत पैसे मोजून घेतल्या होत्या, त्यातल्या बहुतेक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. सुकन्या समृद्धी खात्याची त्याला घाई होती. वर्षाला किमान २५० रुपयांत ते चालू राहतं आणि मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत कधीही उघडता येतं, म्हणून मी म्हटलं, आधी उधारी फेडा, मग बायच्या नावाचं खातं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे सगळं जमलं, कारण या घरात दोघंही कष्टाळू होती आणि एकमेकांना घाबरत नव्हती. जिथे पगार दारूत किंवा मटक्यात जातो, जिथे पैसे मागितले की हात उगारला जातो, तिथे कागद-पेन्सिल पुढे करणं म्हणजे बाईला आणखी संकटात लोटणं. तिने आधी स्वतःची सोय बघावी, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. हिशेब नंतर.

सगळं ठरल्यासारखं झालं असंही नाही. तिसऱ्या महिन्यात मुलीला ताप आला, रात्री घाबरून खासगीत नेलं, अठराशे गेले आणि उधारीचा एक हप्ता चुकला. चवथीला दोन हजार जास्तच झाले. पण आता दर सात तारखेला, पगार जमा झाला की, बाय झोपल्यावर दोघं दिनदर्शिका पुढ्यात घेऊन बसतात. पहिल्यांदा बसली तेव्हा अर्ध्या तासात भांडून उठली, असं तिनेच सांगितलं. दुसऱ्यांदा पुरा तास बसली.

परवा ती दोघं पुन्हा आली. बाय तीन वर्षांची झाल्यावर अंगणवाडीत बसेल, तेव्हा हिला परत औषधांच्या दुकानात जायचं आहे. मालक ९,००० द्यायला तयार आहे. तिने पिशवीतून कागद काढला, या वेळी सुलटा, आणि माझ्यापुढे सरकवला. बसचं भाडं, अंगणवाडी सुटल्यावर शेजारच्या आजीकडे ठेवायचे पैसे, त्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक, सगळं मांडलेलं. कागदावर दोन अक्षरं होती, तिचं बारीक आणि त्याचं तिरकं. तळाशी त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाय आजारी पडली तर रजा कोणाची?' आणि त्याखाली, त्याच अक्षरात, 'आलटून पालटून.'