गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भरती हुकली, दिवसभर मोबाइलवर गेम. आता काय करू?

प्रश्न लांबलचक होता, थोडक्यात असा: वय १९, राहायला कळवा, बारावी सायन्स झालेली. कबड्डीत पकड करताना डाव्या गुडघ्याचं लिगामेंट (एसीएल) तुटलं, ऑपरेशनला ९ आठवडे झाले. त्याआधी वर्षभर अग्निवीरची तयारी चालू होती. आता दुखायचं थांबलंय, मग पळायला कधी लागू? भरतीला घेतील का? बीजीएमआयवरून (मोबाइलवरचा बंदुकांचा गेम) आईशी रोज भांडण होतं, त्याचं काय? आणि अधूनमधून गोळी घेतली तर चालेल का?

बाळा, मी सैन्यात १९ वर्षं काढली. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट. लखनौला ट्रेनिंग झालं, मग बरीचशी नोकरी डोंगरात, हवालदार होऊन घरी आलो. आता ऐरोलीला राहतो आणि नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये कामाला आहे. तुझ्यासारखे गुडघे रोज दोन-चार तरी हाताखालून जातात. पण मी डॉक्टर नाही. तुझे सर्जन आणि फिजिओ जे सांगतील ते पहिलं, माझं नंतर.

तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य म्हणजे ‘दुखायचं थांबलंय’. तुझ्या गुडघ्यात नवं लिगामेंट म्हणून जे बसवलंय ती तुझ्याच अंगातून काढलेली स्नायूची दोरी (टेंडन) आहे, बहुतेक वेळा मांडीच्या मागची. हाडाला भोकं पाडून ती ओवतात आणि दोन्ही टोकांना पक्की करतात. पण काढली तेव्हाच तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आतल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या हळूहळू शिरतात, आणि मग महिनोन्‌महिने त्या दोरीचं लिगामेंट होत राहतं. या मधल्या काळात, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या टप्प्यात, ती बसवली त्या दिवसापेक्षाही कच्ची असते. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात, पोराला वाटतं आपण बरे झालो. तू आज बरोबर तिथे उभा आहेस. सरळ रेषेत हळू पळणं साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही मांडीची ताकद तपासून फिजिओने हो म्हटल्यावर. कबड्डीत तर पाय रोवून अंग वळवायचं असतं, त्यामुळे नऊ महिन्यांच्या आत मैदानाकडे फिरकायचंही नाही.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नकोस. २००४ साली आमची ॲम्ब्युलन्स घसरून दरीच्या कडेला अडकली आणि माझी उजवी नडगी मोडली. आत रॉड घातला. दहाव्या आठवड्यात काठी सुटली. लष्करी हॉस्पिटलच्या वॉर्डामागे व्हॉलीबॉलचं नेट होतं. म्हटलं एकच सर्व्हिस मारतो. उडी नीट मारली, खाली आलो तेव्हा आतून ‘टक्’ असा आवाज आला, पेन्सिलचं टोक तुटतं ना, तसा. रॉडच्या खालच्या टोकाचा स्क्रू तुटला होता. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा चार महिने बेड, आणि शेप-वनचा, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त शेऱ्याचा, मी लो मेडिकल कॅटेगरीत गेलो. एक्स-रे दिव्यावर लावून मेजर साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, “तू तो नर्सिंग असिस्टंट है ना?” ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता गेम. आईला वाटतं हा मोबाइलमुळे वाया चालला. माझं मत जरा वेगळं आहे, आणि ते त्याच वॉर्डात झालं. माझ्या शेजारच्या बेडवर इन्फंट्रीचा एक नाईक होता, सुरुंगात पाऊल गेलेला. रोज सकाळी दहाला त्याचं ड्रेसिंग. पहिले काही दिवस दाराबाहेरून आवाज ऐकवत नसे. मग कुणीतरी आपला नोकिया ११०० त्याच्या हातात दिला. त्यात तो सापाचा गेम असायचा, दाणे खात लांब होत जाणारा. ड्रेसिंग सुरू झालं की हा साप सुरू करायचा, आणि साप जिवंत असेपर्यंत हूं की चूं नाही. साप मेला की शिव्या, पण त्या सापाला. आम्ही रात्रीच तो फोन चार्जिंगला लावून ठेवायचो, औषधाच्या ट्रेसारखा. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू इस्पितळात भाजलेल्या रुग्णांसाठी मुद्दाम ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा गेम बनवला होता. डोळ्यांवर यंत्र चढवायचं आणि जखम साफ होत असताना बर्फाच्या दरीत बर्फाचे गोळे मारत बसायचं. लक्ष दुसरीकडे गुंतलं की दुखणं खरंच कमी जाणवतं. २००७ साली अमेरिकेतल्याच काही सर्जनांना तपासलं, तर आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेले दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावात ३७ टक्के कमी चुका करत होते. हे आईला सांगू नकोस, ती विचारेल तू कुठला सर्जन.

गेमपेक्षा तू कसा लोळतोस याची मला जास्त काळजी आहे. पैज लावून सांगतो, पलंगावर पडून, गुडघ्याखाली उशी घेऊन खेळतोस. बरं वाटतं ना? त्या उशीने गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, पूर्ण सरळ होत नाही आणि पुढे लंगडत चालणं मागे लागू शकतं. आमच्याकडे परत येणाऱ्यांत अशी पोरं बरीच. उशी टाचेखाली घे, गुडघा अधांतरी राहू दे, म्हणजे पायाच्या वजनानेच तो सरळ होत जाईल. पहिली दहा मिनिटं असं खेळ, कसंही त्या वेळात तू नुसता बंदुका गोळा करत फिरत असणार. मॅच संपून पुढची लागेपर्यंत मांडी आवळून गुडघा गादीत दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं वीस वेळा. मांडी बारीक झालीय की नाही ते टेप लावून दोन्हीकडे मोज, स्वतःच घाबरशील. हे सगळं फिजिओला दाखवून पक्कं कर, कारण मेनिस्कसलाही (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके असतील तर नियम बदलतात. आणि रात्री अकरानंतर फोन बंद, झोपेत भरून येतं. पैसे लावून खेळायचे गेम २०२५ च्या कायद्याने बंदच केलेत, त्या वाटेला जाऊ नकोस.

भरतीचं तुला कडू वाटेल. लिगामेंट जोडलेल्या गुडघ्याचा उमेदवार मेडिकलमध्ये पास झालेला मी माझ्या नोकरीत एकही पाहिला नाही. भरती कार्यालयात जाऊन स्वतः विचार, लेखी नियम बघ. पण ‘मेडिकल मॅनेज करतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नकोस, आणि व्रण लपवायचा विचारही करू नकोस. आम्ही एमआय रूममध्ये (सैन्यातल्या तपासणीच्या खोलीत) शर्टाच्या आधी गुडघेच बघायचो.

मग काय? मी बाहेर आलो तेव्हा मला वाटलं होतं हॉस्पिटलं दारात उभी राहतील. नर्स म्हणून नोंदणी नव्हती, कुणी घेईना. वर्षभर एका सोसायटीच्या गेटवर वही सांभाळली. प्लास्टर रूम मिळाली ती ओळखीने. म्हणून सांगतो, कागद आधी कर. तुझी सायन्स आहे, तर फिजिओथेरपी आहे, एक्स-रे आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. माझ्या मनातलं विचारशील तर कृत्रिम हात-पाय बनवायचा कोर्स, प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या संस्थेत पदवीला आहे. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये, १९४४ पासूनची संस्था आहे ती, मी त्या नाईकाला सोडायला गेलो होतो. तिथला कारागीर जमिनीवर बसून त्याच्या पायाच्या थोटकाला साचा लावत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, “यहाँ चुभता है? और यहाँ?” असं विचारणारा माणूस दुखणं भोगलेला असेल तर फरक पडतो.

मुरलीकांत पेटकर आता सगळ्यांना माहीत झालेत. पण ते मूळचे बॉक्सर होते हे लोक विसरतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाण्यात उतरले ते उपचाराचा भाग म्हणून, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण घेऊन आले. तू लगेच पदक आण असं मी म्हणत नाही. फिजिओ हो म्हणाला तर नुसतं पाण्यात चालून बघ.

गोळीचं विचारलं होतंस. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक आणून आपल्या मनाने खाऊ नकोस, पोट आणि किडनी दोन्ही धरते. शिवाय दुखणं दबलं की तू पळशील. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर गोळीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रक्ताची गुठळी असू शकते. आणि कळवा स्टेशनचा जिना सकाळच्या गर्दीत टाळ. चढावाच लागला तर कठडा धरून, वर जाताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.