गलबत, गुराब आणि जॉली बोट : कोणता शब्द कुठून आला?

आपण पाठवलेल्या मजकुरात पाच दावे आहेत. ‘पॉश’ हा आगबोटीच्या तिकिटावरील आद्याक्षरांचा शब्द आहे, ‘ग्रॉग’ म्हणजे पाणी घातलेली रम, हे नाव एका ॲडमिरलच्या झग्यावरून पडले, इंग्रजांची ‘जॉली बोट’ म्हणजे मराठ्यांचे गलबत, इंग्रजीतले ‘ग्रॅब’ म्हणजे आपली लढाऊ नौका गुराब आणि जहाजावरचा ‘सारंग’, म्हणजे खलाशांचा नायक, हा शुद्ध संस्कृत शब्द. यांतले खरे किती, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ग्रॉग आणि ग्रॅब टिकतात, बाकीचे तीन टिकत नाहीत; आणि जे टिकत नाहीत त्यांत गलबताची गोष्ट सर्वांत रंजक आहे, म्हणून तिच्यावर मी जरा जास्त लिहितो. माझी नोकरी मुरगाव बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर झाली, तेव्हा यातले काही शब्द मी कोशात पाहण्याआधी कानांनी ऐकलेले आहेत.

‘पॉश’ चटकन निकालात काढता येतो. हिंदुस्थानकडे जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली सावलीत राहते, म्हणून श्रीमंत उतारू त्या खोल्या घेत आणि पी अँड ओ ही आगबोट कंपनी त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी बाजू) यांच्या चार आद्याक्षरांचा शिक्का मारी, अशी ही कथा आहे. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेले नाही. शिवाय आद्याक्षरे जोडून बोलीतला शब्द घडवण्याची चाल विसाव्या शतकाआधी फारशी नव्हतीच, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कोणी सांगू लागला की सावध व्हावे. संकटातल्या जहाजाच्या ‘एसओएस’ या हाकेचेही तसेच आहे. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा संकेत बिनतारी यंत्रावर चटकन ओळखू येतो म्हणून १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत स्वीकारला गेला. ‘आमचे आत्मे वाचवा’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटवण्यात आला.

ग्रॉगची कथा ऐकायला तितकीच रचलेली वाटते, पण तिच्यामागे लेखी हुकूम आहे. ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरी, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. खलाशांना रोज मिळणारी अर्धा पाइंट रम ते एका घोटात रिचवतात आणि मग डोलकाठीवरून खाली पडतात, हे पाहून त्याने २१ ऑगस्ट १७४० रोजी हुकूम काढला की त्या रममध्ये चौपट पाणी मिसळावे आणि ती दिवसातून दोन वेळा विभागून द्यावी. चिडलेल्या खलाशांनी त्या पातळ पेयाला ॲडमिरलचेच नाव दिले. ब्रिटिश आरमारातला रमचा हा रतीब पुढे थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालू राहिला. (फेणीत पाणी घालणाऱ्याला आमच्या गावात याहून वाईट नावे पडली आहेत, पण तो विषय वेगळा.)

आता गलबत. उच्चार जवळचा आहे, दोन्ही लहान नौका आहेत, आणि आंग्र्यांच्या गलबतांनी इंग्रजांना हैराण केले होते हेही खरे. तेव्हा मोह होणे साहजिक आहे. परंतु इंग्रज जहाजांवर ‘गेलीवॉट’ अशा मिळत्याजुळत्या नावाची छोटी होडी सोळाव्या शतकातच होती. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची, तिचे पहिले जहाज सुरतेला लागले १६०८ साली, आणि शिवाजी महाराजांनी आरमार उभारले ते त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. जो शब्द इंग्रजांच्या तोंडी त्याआधीच होता, तो त्यांनी आपल्याकडून उचलला असे कसे म्हणावे? ‘जॉली’चा संबंध कोशकार बहुधा उत्तर युरोपातल्या ‘योल’ या होडीच्या नावाशी जोडतात. उलट आपले ‘गलबत’च पोर्तुगीज ‘गालिओता’शी नाते सांगते, असे अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशकारांचे मत आहे आणि मला ते पटते, कारण १४९८ नंतर या किनाऱ्यावर पोर्तुगीज नौकांचाच दरारा होता आणि खुद्द ‘आरमार’ हा शब्दही आपण त्यांच्या ‘आर्मादा’वरून घेतला. मराठ्यांचा पराक्रम त्यामुळे उणा होत नाही. शत्रूची तोफ हिसकावून घेतली तर ती कोणत्या गावी ओतली होती हे कोणी विचारत नाही.

गुराबेचे मात्र उलट आहे. अरबीत ‘गुराब’ म्हणजे कावळा. तेथून हे नाव पश्चिम किनाऱ्यावर रुळले आणि इथल्या नौका पाहून इंग्रजांनी त्याचे ‘ग्रॅब’ केले. अठराव्या शतकातील इंग्रजी वर्णनांप्रमाणे दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत असे. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि सखल निघालेली असे व त्या भागाला बाजूचे कठडे मुद्दाम ठेवलेले नसत, कारण समोरच्या लाटांत अशी नौका नाक खुपसते आणि नाळेवर आलेले पाणी अडथळ्याशिवाय वाहून जावे लागते. त्यामागच्या आडभिंतीत छिद्रे पाडून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत. सोबतची गलबते सहसा ७० टनांच्या आतली; वारा पडला की ती चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ताशी चार मैल चालत आणि गुराबेला ओढूनही नेत. टगवर काम केलेल्या माणसाला ही जोडी पाहून आपलेपणा वाटतो.

सारंग पक्षी, सारंग हरीण, सारंग राग हे सारे संस्कृतातले. पण जहाजावरचा सारंग फारसी ‘सरहंग’ म्हणजे नायक, यावरून आला. १९१७ च्या अंतर्देशीय जलवाहतुकीच्या कायद्यात तर परवान्याची एक श्रेणीच या नावाची होती. सुकाणूही अरबी ‘सुक्कान’वरून आले आणि तेच फिरवणाऱ्या सुकाण्याचे इंग्रजांनी ‘सीकनी’ केले. हिंदी महासागरातल्या जहाजांवर अरबी, फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी आणि इंग्रजी यांची मिळून एक कामचलाऊ बोली होती, तिला ‘लष्करी’, म्हणजे लष्करांची (खलाशांची) बोली, म्हणत. थॉमस रोबक याने १८११ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांसाठी तिचा कोश छापला, कारण हुकूम समजला नाही तर शीड फाटते. पुढच्या शिडाचे ‘तिरकट’ हे तिच्यातले नाव मुळात पोर्तुगीज आहे.

आपल्या यादीत नसलेला, पण मला सर्वांत आवडणारा शब्द याच बोलीतला आहे. शीड किंवा दोर खाली सोडणे याला पोर्तुगीजमध्ये ‘आरिआर’ म्हणतात. त्याचा हुकूम ‘आरिया’ झाला, आणि शिडे गेली तरी तो क्रेनच्या दोराला लटकून राहिला. मुरगावच्या धक्क्यावर सिग्नलवाला तळहात खाली दाबत ‘आरिया, आरिया’ म्हणतो तेव्हा क्रेनवाला माल हळूहळू उतरवतो. बांधकामांवरचे खलाशीही हाच शब्द वापरतात. निवृत्तीच्या आधी काही वर्षे एका कंत्राटदाराने धक्क्यावर सुरक्षेच्या सूचनांची पाटी लावली, तिच्यावर कोणा सुशिक्षित माणसाने हा शब्द ‘दुरुस्त’ करून लिहिले होते : ‘माल उतरवताना एरिया म्हणावे.’ आमच्या सिग्नलवाल्याने ती पाटी दोनदा वाचली, एरिया म्हणजे कुठला एरिया, असे मला विचारले, आणि मग वर पाहून नेहमीसारखाच हात दाबला.