जैविक अस्त्रांवर बंदी आहे, मग संरक्षण खाती घातक जंतूंवर संशोधन का करतात?

बंदी अस्त्रांवर आहे, संशोधनावर नाही. १९७२चा जैविक अस्त्र करार (अंमल १९७५पासून) लस, निदान, संरक्षक पोशाख अशा बचावाच्या कामाला मुभा देतो. गोची इथेच आहे. लस तपासायची तर जंतू हाताशी लागतोच, आणि तोच अस्त्रासाठीही चालतो. फरक उरतो हेतूचा आणि प्रमाणाचा. तो तपासणारी यंत्रणा या करारात नाही. रासायनिक अस्त्रांसाठी मात्र आहे! सोव्हिएत संघाने तर सही करूनही छुपा कार्यक्रम चालवला. १९७९मध्ये तिथल्या स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू निसटले, ६०हून अधिक माणसे गेली, आणि सरकार वर्षानुवर्षे दूषित मांसाकडे बोट दाखवत राहिले. लष्कराचा हात असल्याची कबुली रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दिली ती थेट १९९२ साली.