डुप्लिकेट कंटेंटचा 'दंड' नसतो, पण तुमचं पान मागे का पडलं ते सांगतो

भाऊ, तुमचं म्हणणं मी असं समजलो: वरुडकडं संत्रा कलमांची नर्सरी, तिची वेबसाईट, त्यावर बहार धरण्याची आणि डिंक्या रोगाची माहिती कृषी विद्यापीठाच्या पत्रकातून जशीच्या तशी घेतलेली. ते पान गुगलवर दिसत नाही. वेबसाईट बनवणारा पोरगा म्हणतो 'डुप्लिकेटचा दंड बसला', आणि सगळी साईट नव्यानं लिहायचे पैसे मागतो. तूर्त पैसे देऊ नका.

असा दंड नसतो, हे गुगलनं २००८ मध्येच जाहीर लिहून टाकलंय. होतं काय, तर निवड होते. मतदार यादीत एकाच माणसाचं नाव चार ठिकाणी निघालं तर त्याला कोणी तुरुंगात टाकत नाही, एक नाव ठेवतात. गुगल सारख्या पानांचा गठ्ठा करतं, त्यातलं एक पुढे ठेवतं आणि बाकीची शोधात दाखवत नाही. त्या एकाला 'कॅनॉनिकल' म्हणतात.

सारखेपणा कसा ओळखतात हेही बघा, कारण 'शब्द फिरवून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतील. गुगलच्या लोकांनी २००७ मध्ये एका शोधनिबंधात पद्धत मांडली होती: प्रत्येक पानाच्या मजकुराचा ६४ बिटांचा (म्हणजे शून्य-एकच्या ६४ आकड्यांचा) ठसा काढायचा आणि दोन ठशांत ३ बिटांपर्यंतच फरक असेल तर पानं जवळजवळ एकच धरायची. ८ अब्ज पानांच्या साठ्याला हे चालतं असं त्यात दाखवलं होतं. मजकूर थोडा बदलला तर ठसाही थोडाच बदलतो. तेव्हा 'लागवड'च्या जागी 'लावणी' लिहून काही साधत नाही. आज पद्धती आणखी पुढे गेल्यात.

आता तुमच्या साईटमध्ये घरच्या घरीच डुप्लिकेट तयार झालेत का ते बघा, बहुतेकांचे असतातच. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही उघडतात, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून दोन्ही उघडतात, फेसबुकवरून आलेल्या लिंकला मागे लांब शेपूट लागतं, किमतीनुसार लावलेली कलमांची यादी वेगळ्या पत्त्यावर जाते. पान एकच, पत्ते सहा. जुने पत्ते ३०१ रिडायरेक्टनं (जुना पत्ता उघडला की कायमचं दुसऱ्यावर पाठवणारी सोय) एका पत्त्यावर वळवा. जिथं वळवता येत नाही तिथं कॅनॉनिकल टॅग लावा, म्हणजे पानाच्या कोडमधली 'खरा पत्ता हा' असं सांगणारी ओळ. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २००९ मध्ये तो एकत्र आणला. पण तो हुकूम नाही, सूचना आहे. मेनूतल्या लिंका आणि साइटमॅप (साईटच्या पानांची यादी) दुसराच पत्ता दाखवत असतील तर गुगल टॅग बाजूला ठेवून आपल्या मनानं निवडतं.

रोबोट्स फाईलमध्ये (गुगलनं कुठली पानं वाचू नयेत हे सांगणारी फाईल) डुप्लिकेट पानं अडवू नका. अडवलं की गुगलला पान वाचताच येत नाही, मग ती नक्कल आहे हे त्याला कळणार कसं? आणि जुन्या व्हिडिओत यूआरएल पॅरामीटरचं (पत्त्यामागच्या त्या शेपटाचं) टूल दाखवतात, ते २०२२ मध्ये बंद झालं. शोधत बसू नका.

विद्यापीठाच्या मजकुराचं मात्र सरळ आहे. तीच माहिती अनेक कृषी केंद्रांच्या साईटवर आहे. गुगलनं त्यातलं तुमचं पान पुढं काहून ठेवावं? दोन-चार ओळी नावानिशी घ्या, बाकी तुमचं लिहा: तुमची कलमं जंभेरीच्या खुंटावर बांधलेली की रंगपूर लाईमच्या, डोळे कोणत्या झाडांवरून घेता, काळ्या भारी जमिनीत निचऱ्याचं काय करायचं, पोच कधी, भाव काय. हे विद्यापीठाच्या पत्रकात सापडणार नाही. (परवानगीचा प्रश्न वेगळा, तोही एकदा बघून घ्या.)

पांढुर्णा-मुलताईच्या गिऱ्हाइकांसाठी हिंदी पान करायचं म्हणालात, बिनधास्त करा. भाषांतर डुप्लिकेट धरत नाहीत. दोन्ही पानांना एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेचं हे गुगलला सांगणारा टॅग) लावा, आणि मशीनचं भाषांतर असेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या.

खरी भीती तुमच्या शेवटच्या ओळीची वाटते. तो पोरगा 'मोर्शीत संत्रा कलमे', 'काटोलमध्ये संत्रा कलमे', 'नरखेडमध्ये संत्रा कलमे' अशी गावोगावची पानं करून देतो म्हणतो ना? गावाचं नाव बदललं, बाकी मजकूर तोच. ही डोअरवे पानं, म्हणजे फक्त शोधातून गिऱ्हाईक ओढायला पाडलेली. गुगलच्या स्पॅम धोरणात ती बसतात, आणि मार्च २०२४ पासून घाऊक पानं पाडण्याविरुद्धही वेगळा नियम आहे. इथं मात्र खरोखर कारवाई होते. करू नका. पोच कुठकुठल्या तालुक्यात देता ते एकाच पानावर लिहा, पुरे.

कारवाई झाली आहे का हे पोराला विचारायची गरज नाही. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साईटच्या मालकासाठीचं साधन) 'मॅन्युअल ॲक्शन्स' उघडा. तिथं काही नसेल तर कोणी माणसानं तुमच्यावर शिक्का मारलेला नाही. मग यूआरएल तपासणीत न दिसणाऱ्या पानाचा पत्ता टाका आणि गुगलनं निवडलेली कॅनॉनिकल कोणती ते बघा. तुमच्याच साईटचा दुसरा पत्ता निघाला तर रिडायरेक्टचं काम, परक्या साईटचा निघाला तर लिहिण्याचं. जे निघेल ते इथं टाका, पुढचं सांगतो.