शिकार आणि क्ले शूटिंग (हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या टिपणं) दोन्हींसाठी एकच शॉटगन घ्यायची आहे, नळी किती इंची असावी?

२८ इंची घ्या. बहुतेक वेळ क्लेवरच जाणार असेल तर ३० इंची. लांब नळीने छरे लांब जातात हा समज काळ्या दारूच्या काळातला. आजची दारू नळीच्या सुरुवातीच्या भागातच बहुतेक जळून जाते, त्यामुळे दोन इंच वाढवून वेगात पडणारा फरक किरकोळ असतो. आणि छऱ्यांचा फैलाव मुख्यतः चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला निमुळतेपणा ठरवतो, लांबी नव्हे. लांबीने बदलतो तो बंदुकीचा तोल. नळीच्या तोंडाकडे वजन असलं की निशाण्यामागे फिरवताना बंदुकीचा झोका एकसारखा राहतो, चाप ओढताना हात मध्येच अडखळत नाही. म्हणून ट्रॅपवाले (समोरून दूर जाणाऱ्या चकत्या टिपणारे क्ले नेमबाज) ३०-३२ इंच पसंत करतात. उलट दाट झुडपात पायाजवळून पक्षी भुर्रकन उडाला की २६ इंची नळी चटकन वळते, फांदीतही अडकत नाही.

फक्त एक लक्षात घ्या, हे आकडे दुनळीचे आहेत. पंप (हाताने पुढचा दस्ता मागेपुढे करून काडतूस भरणारी) किंवा सेमी-ऑटो (आपोआप पुढचं काडतूस भरणारी) बंदुकीचा रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा यंत्रणेचा भाग, दुनळीपेक्षा तीन-चार इंच जास्त लांब असतो, म्हणजे त्यातली २६ इंची बंदूक एकूण लांबीत जवळपास ३० इंची दुनळीएवढी भरते. तशी बंदूक घेणार असाल तर शिकारीला २६ पुष्कळ झाली.